रोलर ओढणाऱ्याचें नांव कोठें आहे?

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्यें गोंडवाना क्लब व सी. पी. क्लब हे इंग्रजी अमदानींतले क्लब अजून उभे आहेत. पहिल्याचें नांव गोंडांच्या मुलखाचें. हें शहर वसविलें तेंही गोंड राजा बख्त बुलंद शहानें. मग त्या क्लबाच्या पायऱ्या किती गोंडांनीं चढल्या, असें आम्हीं विचारलें तर कोणी रागावूं नये.

क्लब कोणीं काढला म्हटलें कीं साहेबांचीं व शेठसावकारांचीं नांवें सांगतात. मैदान कोणीं सपाट केलें, हें कोणी सांगत नाहीं. म्हणून मुंबई-पुण्याची हकीगत आम्हीं येथें देतों.

मुंबईचा जिमखाना १८७५ सालीं निघाला तो केवळ गोऱ्यांसाठीं. गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनीं देशी पोरांची खेळण्याची जागा उखणली, तेव्हां १८८१ सालीं सरकारकडे अर्ज करावा लागला. पुढें आपल्या लोकांनींही जिमखाने काढले. पण पारशांचा निराळा, मुसलमानांचा निराळा, हिंदूंचा निराळा. कुंपण साहेबाचें गेलें, आपलें आलें!

पुण्यास गोऱ्यांच्या क्लबांत पाळवणकर बाळू हा चांभाराचा मुलगा महिना ४ रुपयांवर रोलर ओढी, जाळीं बांधी व साहेबांस तासन्‌तास चेंडू टाकी. त्याच्या हातीं बॅट मात्र कोणीं दिली नाहीं. साहेबांस हरवावयाचें तर बाळूवांचून चालेना, म्हणून हिंदूंच्या क्लबानें त्यास घेतलें. मैदानावर त्यानें टाकलेला चेंडू सर्वांनीं हातांत धरला. चहाच्या वेळीं मात्र बाळू बाहेर, आणि त्याचा चहा मातीच्या भांड्यांत. चेंडूचें कातडें चालतें, पण कातडें कमावणाऱ्या जातीचा हात चालत नाहीं! त्याच बाळूनें १९११ सालीं विलायतेंत ११४ गडी बाद केले. तरी कर्णधारपद त्यास दिलें नाहीं. तें १९२३ सालीं धाकट्या भावास, विठ्ठलास मिळालें.

आपल्या नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा-खाणींतील कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ सालीं कसोटी सामना खेळला. विदर्भाच्या संघांतून तेथवर पोंचलेला तो पहिलाच. अंगमेहनतीच्या घरांत गुण नव्हता असें नाहीं; दार बंद होतें.

तेव्हां शेतकरी व कारागीर बंधूंनो, मुलांस मैदानावर पाठवा. आणि एखाद्या जुन्या क्लबाच्या भिंतीवर संस्थापकांची पाटी दिसली, तर रोलर ओढणाऱ्यांची पाटी कोठें आहे, हें न लाजतां विचारा.