टॉवर गावात, आवाज कुणाचा?

तुमच्या तालुक्यात रेडिओचा टॉवर उभा राहिला तर तुम्ही म्हणाल, "आपल्याकडं रेडिओ आला." पण नुसत्या टॉवरने रेडिओ गावचा होतो का? अमेरिकेतल्या एका केंद्राची हकिगत पहा, मग ठरवा.

कॅलिफोर्निया राज्यात सांता रोझा नावाचे शहर आहे. आजूबाजूला सगळा द्राक्षाचा मुलूख. १९८२ साली वस्ती जेमतेम ऐंशी हजाराची, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या तालुक्याच्या गावाएवढी. त्या वर्षी तिथे ख्रिस्ती भक्तिसंगीताचे एक छोटे एफएम केंद्र सुरू झाले. गाणी येशूभक्तीची, पण चाल आजची. गिटार, ड्रम, तरुणांना आवडेल असा ठेका. जाहिरात घ्यायची नाही, श्रोत्यांच्या देणगीवर चालवायचे. सुरुवातीला पैशाची ओढाताण होती. पण केंद्र तगले, आणि 'के-लव्ह' हे नाव लोकांच्या तोंडी बसले.

पुढे १९९० नंतर चित्र पालटले. झाले काय, तर उपग्रह स्वस्त झाला. गाणे एका ठिकाणी वाजवायचे, उपग्रहावर सोडायचे आणि गावोगावच्या टॉवरवर डिश लावून ते उतरवून घ्यायचे. आपला केबलवाला करतो तेच. निवेदक नको, स्टुडिओ नको, रात्रपाळीचा माणूसही नको. खर्च कमी, देणगीदार जास्त. त्यातून आणखी केंद्रे विकत घेता येऊ लागली. २०१९ मध्ये तर न्यूयॉर्कचे डब्ल्यूपीएलजे हे जुने नावाजलेले केंद्र याच संस्थेने घेतले. आज तिचे कार्यक्रम देशभर हजारावर ठिकाणांहून ऐकू येतात. मुख्य कचेरीही सांता रोझा सोडून आधी रॉकलिनला गेली आणि नंतर टेनेसी राज्यात.

यात पाप काही नाही. लाखो लोकांना ही गाणी हवी आहेत आणि ते खुशीने पैसे देतात. पण गावाच्या हिशेबात दुसरी बाजूही मांडावी लागते.

८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री सांता रोझाच्या उत्तरेला वणवा पेटला. सुसाट वाऱ्याने काही तासांत तो शहरात शिरला. बावीस माणसे गेली, पाच हजारांवर घरे-इमारती खाक झाल्या. मोबाईलचे टॉवर जळाले. सरसकट संदेश पाठवला तर घबराट होऊन रस्ते तुंबतील, या विचाराने प्रशासनाने सर्व मोबाईलवर जाणारा इशारा दिलाच नाही. अशा वेळी कामी आले ते गावातलेच केएसआरओ हे १९३७ पासूनचे बातम्यांचे जुने केंद्र. कुठला रस्ता बंद, कुठली वस्ती खाली करायची, निवारा कुठे, हे ते अखंड सांगत राहिले. लोक फोन करून डोळ्यांसमोरचे कळवत, तेही प्रसारित होई. त्या केंद्रात माणूस होता, आणि त्याला गल्ल्या ठाऊक होत्या.

दोष के-लव्हचा नाही. देशभर एकच सूर लावणाऱ्या यंत्रणेकडून गल्लीची खबर मागणेच चूक. मुद्दा असा, की असे दुसरे केंद्रही गावात उरले पाहिजे.

आता योगायोग पहा. वणव्याचा धूर निवतो न निवतो तोच, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने एक जुना नियम मोडीत काढला. ज्या गावाच्या नावावर परवाना, त्या गावाजवळ स्टुडिओ हवा, असा तो नियम होता. आयोगातली मते तीन विरुद्ध दोन अशी पडली. धार्मिक व शैक्षणिक जाळ्यांना त्यातून सवलत मिळतच होती. आता सगळ्यांनाच मोकळे रान. गावकऱ्यांसाठी एक फुकटचा फोन नंबर ठेवला, की झाले!

उलट बाजूने त्याच देशात २००० सालापासून शंभर वॅटची छोटी केंद्रे स्थानिक संस्थांना मिळतात. गावातले चर्चही ते चालवू शकते.

आपल्याकडची सामुदायिक रेडिओची वाट याच्याशी मिळतीजुळती आहे. २००२ मध्ये ती शिक्षणसंस्थांना खुली झाली, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही. ताकद शंभर वॅटच, पण निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार झाले पाहिजेत ही अट. साताऱ्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' याच वाटेने उभे राहिले. ही निम्म्याची अट कुणाला जाच वाटेल. पण सांता रोझाची ती रात्र आठवली, तर तिची किंमत कळते.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळी, तुमच्या भागात कुणी रेडिओ काढायला आला, तर गाणी कुठली लावणार ते नंतर विचारा. आधी विचारा, रात्री दोनला नदीला पूर आला तर केंद्रात फोन कोण उचलणार? वीज गेली तर जनरेटर आहे का? तहसील कचेरीकडे त्या माणसाचा नंबर आहे का? ही तीन उत्तरे मिळाली तरच टॉवरला जागा द्या.