अंगणवाडी मागून घ्या!

चवदार तळे महाड नगरपालिकेने १९२४ सालीच ठरावाने खुले केले होते. तरीही त्या पाण्याला हात लावण्यास बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी आपल्या वाडवडिलांसह चालत जावे लागले. आज बालशिक्षणाचे तेच आहे. सहा वर्षांखालील ४० मुले असलेल्या वस्तीला मागणीपासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिला. (१९९० च्या दुरुस्तीने बौद्धही त्यांत आहेत.) मग पोलादपूरच्या डोंगरवाडीतील चिमुरडीने आषाढात ओढा ओलांडून परगावी का जावे? देवाला नवस करणे आपण सोडले. साहेबाला करणेही सोडा! वंदनेनंतर विहारातच मुले मोजा, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच मिळाल्याशिवाय उठू नका.