रुग्णनोंदींची दुसरी प्रत आणि आपला कळफलक



आत्रेय पुनर्वसूंच्या सहा शिष्यांची नावे आपल्याला विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत आहेत. अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणी या सहाही जणांनी तंत्रे रचली असे चरकसंहिताच सांगते. त्यांपैकी आज हाती काय उरले आहे? अग्निवेशतंत्र चरकाच्या प्रतिसंस्कारातून आले, पण १२० अध्यायांपैकी ४१ अध्याय दृढबलाला नव्याने भरून काढावे लागले. भेलसंहिता तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील एका खंडित हस्तलिखिताच्या आधारे तगली आणि १९२१ साली कलकत्ता विद्यापीठाने ती प्रसिद्ध केली. इतरांची तंत्रे टीकाकारांच्या अवतरणांपुरती राहिली. हारीताच्या नावाने आज छापील मिळणारी संहिता मूळची नव्हे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. विद्वत्तेत हे आचार्य उणे होते असे कोण म्हणेल? त्यांच्या ग्रंथांच्या पुरेशा प्रती पुरेशा ठिकाणी टिकल्या नाहीत, एवढेच.

हे आठवण्याचे कारण घरगुती आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार जलमय झाले, नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी साचून रेल्वे थांबली आणि वीज गेली, हे आपणांपैकी अनेकांनी अनुभवले आहे. माझे चिकित्सालय तेव्हा तळमजल्यावर होते. संगणकाचा डबा टेबलाखाली जमिनीवर होता, आणि ‘बॅकअप आहे’ असे मी ज्याच्या भरवशावर सर्वांना सांगत असे ती बाह्य हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. मूळ आणि प्रत दोन्ही एकाच पाण्यात भिजली. शेजारच्या कपाटातील कागदी केसपेपरांचा तर लगदा झाला होता. म्हणून ‘कागदच बरा’ हा आपल्या ज्येष्ठांचा युक्तिवाद मला पुरता पटत नाही.

पुढचा धडा अधिक बोचरा होता. घरी काही जुन्या सीडी सापडल्या. मोठ्या आशेने त्या उघडल्या, धारिका उघडल्याही, पण पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसू लागली. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी आपण सारे निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टंकन करीत होतो आणि तो फाँट नव्या संगणकावर नव्हता. नोंदी होत्या, पण मलाच वाचता येत नव्हत्या. परिवर्तक आज्ञावली वापरून बराच भाग सोडवला, तरी जोडाक्षरे आणि रफार हाताने दुरुस्त करावे लागले. ज्यांच्याकडे असा जुना मजकूर आहे त्यांनी तो फाँट जिवंत असलेला एखादा संगणक चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये आणून ठेवावा. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

संगणकतज्ज्ञांचा संकेत सोपा आहे : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या वास्तूत. या तिसऱ्या अटीकडेच आपण दुर्लक्ष करतो. दुकान नवघर-माणिकपूरला आणि घर त्याच इमारतीत असेल तर घरची प्रत ही ‘दुसरी वास्तू’ ठरत नाही. एक प्रत इंटरनेटवरील साठ्यात ठेवावी, अथवा दूरच्या विश्वासू आप्ताकडे. मात्र फोनशी वा संगणकाशी आपोआप जुळणारा साठा म्हणजे बॅकअप, ही समजूत सोडावी. इकडे चुकून पुसलेले तिकडेही पुसले जाते. तसेच बाह्य डिस्क सदैव जोडून ठेवू नये. खंडणीखोर विषाणू जोडलेल्या डिस्कवरील धारिकाही कुलूपबंद करतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेला अशा हल्ल्यानंतर अनेक दिवस हाताने नोंदी करून काम चालवावे लागले. आपली तर गोष्टच सोडा. प्रत घेतली की डिस्क काढून ठेवावी आणि तिला संकेतशब्दाचे कुलूप लावावे. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर न्यायची नाही, ही चरकाने शिष्याला घातलेली अट हरवलेल्या डिस्कलाही लागू आहे.

औषधविक्रेत्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. जे बंधू ॲलोपॅथिक औषधेही ठेवतात त्यांना शेड्यूल एच-१ ची नोंदवही तीन वर्षे राखणे बंधनकारक आहे. बिलिंगची आज्ञावली बदलली की जुना हिशेब नव्या आज्ञावलीत उघडत नाही. म्हणून दर वर्षअखेर साध्या तक्त्याच्या आणि पीडीएफच्या रूपातही एक प्रत काढून ठेवावी.

आता कळफलकाविषयी. हा विषय येथे का, असे कोणी विचारील. मुळात नोंदच टंकली गेली नाही तर बॅकअप कशाचा घेणार? माझ्या पाहण्यात कितीतरी वैद्य दुपारनंतर उपशय-अनुपशय, पथ्यापथ्य लिहिणे सोडून केवळ औषधाचे नाव टंकतात, कारण मनगट दुखते. लॅपटॉपवर वाकून तासन्‌तास टंकणे हे त्यामागचे नेहमीचे कारण आहे. वेगळा, सपाट कळफलक जोडावा, त्याचे मागचे पाय मिटलेलेच ठेवावेत, कोपर काटकोनात आणि मनगट सरळ राहील इतकी टेबलाची उंची असावी. मनगट वर वळवून टंकल्याने तेथील नाडीवर दाब येतो. मुंग्या आणि रात्रीची बधिरता घेऊन येणारे संगणक-कारकून आपण रुग्ण म्हणून तपासतोच की! बिलिंगसाठी उजवीकडे अंकांच्या कळा असलेला कळफलक हवा. चूर्णाची पूड, तेलकट बोटे आणि आपल्या किनाऱ्याची दमट हवा पाहता महागड्यापेक्षा पुसता येणारा आणि सहज बदलता येणारा कळफलक मला अधिक सोयीचा वाटतो.

मराठीसाठी मी इनस्क्रिप्टचा आग्रह धरतो. भारतीय मानक म्हणून १९९१ पासून मान्य असलेल्या या मांडणीत स्वर मुख्यतः डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला येतात. ‘क’च्या कळीवर शिफ्ट दाबली की ‘ख’, ‘त’वर ‘थ’. वर्णमाला जाणणाऱ्याला ती काही आठवड्यांत बसते. रोमन अक्षरांतून टंकणे सुरुवातीस सोपे वाटते, पण ‘अनुपान’ किंवा ‘क्षीरपाक’ लिहिताना संगणक भलताच शब्द सुचवतो आणि घाईत तोच राहून जातो. औषधाच्या नावात अशी चूक परवडणारी नाही.

संघटनेला एक सूचना करतो. दर वर्षी मे महिन्याच्या सभेत एक तास यासाठी राखून ठेवावा. प्रत्येक सभासदाने आपली बॅकअप डिस्क आणावी आणि दुसऱ्याच्या संगणकावर मागील वर्षातील कोणत्याही एका दिवसाची नोंद उघडून पाहावी. रुग्णाचे नाव इतरांना दिसणार नाही याची काळजी घेऊन. उघडली नाही, तर पावसाळ्याला अजून तीन आठवडे असतील.