वाळलेल्या फुलाची साक्ष

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. हर्बेरियम म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह. ‘हा वाळका पाला कशाला जपायचा?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी हिमकमळाची हकिगत सांगतो.

हिमालयाच्या पूर्वेकडे, तिबेट आणि युन्नानच्या डोंगरांत, कुरणांच्याही वरच्या दगडगोट्यांत ही लोकरीसारखी लव असलेली वनस्पती उगवते. शास्त्रीय नाव सॉसुरिया लॅनिसेप्स. उत्तराखंडातले ब्रह्मकमळ हिच्याच प्रजातीतले. (आपल्या कुंडीत रात्री फुलते ते ब्रह्मकमळ नव्हे, तो अमेरिकेतून आलेला निवडुंग!) हिमकमळ कित्येक वर्षे वाढते, आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. औषधासाठी ते फुलावर असतानाच, बी पडण्याआधी उपटतात. तेही उंच, ठसठशीत पाहून.

वेन लॉ आणि जॅन सॅलिक या संशोधकांनी निरनिराळ्या संग्रहांतील जुने नमुने मोजले. २००५ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सुमारे शंभर वर्षांत हिमकमळ बुटके होत गेले आहे. उंच झाडे बी न धरताच जातात, खुजी तेवढी वंश चालवतात.

आता तुम्ही शंका घ्याल, आणि घ्यावीच: पूर्वीच्या लोकांनी मुद्दाम मोठी झाडे गोळा केली असतील तर? किंवा हवामान बदलले असेल तर? म्हणून त्यांनी त्याच भागातली, पण फारशी न तोडली जाणारी दुसरी जात, सॉसुरिया मेडुसा, तशीच मोजली. तिची उंची घटलेली नव्हती. शिवाय पवित्र मानून राखलेल्या डोंगरांवर हिमकमळेही उंच आढळली. मला या शोधातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

हे नमुने गोळा करणाऱ्यांना असा काही प्रश्न सुचलाही नसेल. त्यांनी स्थळ आणि तारीख लिहून ठेवली, एवढेच. ती चिठ्ठी नसती तर त्या कागदांची किंमत खरोखरच रद्दीची.

आपल्या शाळांतले संग्रह पाहताना वाईट वाटते ते याच कारणाने. फुले सुंदर, शास्त्रीय नाव सुवाच्य, पण गाव नाही, तारीख नाही. शिक्षकांनी निम्मे गुण चिठ्ठीलाच द्यावेत. आणि मुलांनो, कासच्या पठारावरचे दुर्मिळ फूल तोडू नका; शाळेमागचा टाकळा पुरे आहे. उंची मोजा, जागा आणि दिवस लिहा. सर्वांत मोठे झाड म्हणून ते निवडले असेल, तर तेही लिहा.