उजनीकाठचा ताप आणि अंदाजाचे औषध

उजनीच्या जलाशयाकाठी, करमाळा वा माढा तालुक्यातील एखाद्या मजुरास ताप भरला म्हणजे पुढे काय घडते, हे सांगावयास ज्योतिषी नको. पहिल्या दिवशी तो दुखणे अंगावर काढतो. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतो. तिसऱ्या दिवशी दवाखान्याची पायरी चढतो आणि एखादे जालीम प्रतिजैविक घेऊन परततो. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फळीवर जातात. ज्या जंतूवर हे अस्त्र चालविले तो कोणता, किंबहुना तो जंतूचाच ताप होता की विषाणूचा, हे अखेरपर्यंत कोणासही कळत नाही.

पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगीच बजावले होते की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधास दाद देईनासे होतात. पुढे दहा वर्षांनी पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याचा आपणांस सार्थ अभिमान वाटला. तो इशारा मात्र आपण विसरलो. २०१९ या एका वर्षात अशा प्रतिकारक्षम जंतूंनी जगभर सुमारे बारा लाख सत्तर हजार बळी घेतले, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

उजनीकाठी या प्रश्नास आणखी एक धार आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व भीमेतून या जलाशयात येते. पुण्यातील मुठेच्या गाळात, शहराच्या वरच्या पात्राच्या मानाने, प्रतिकारशक्ती देणारी जनुके सुमारे तीस पट आढळली, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. तेवढ्यावरून उजनीकाठच्या प्रत्येक तापाचे खापर त्या पाण्यावर फोडणे अन्यायाचे होईल. पण ते फोडावे की न फोडावे, हे तरी तपासल्यावाचून कसे ठरणार?

विषमज्वराचेच उदाहरण घ्या. त्यासाठी सर्रास केली जाणारी विडाल चाचणी पूर्वीच्या संसर्गानेही फसते, आणि कोणते औषध लागू पडेल हे तर ती सांगूच शकत नाही. ते सांगते रक्ताचे कल्चर. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी घेतलेल्या रक्तातून जंतू वाढवावयाचा आणि त्यावर निरनिराळी औषधे अजमावावयाची. यास दोन-तीन दिवस लागतात. अत्यवस्थ रोग्याने तोवर तिष्ठत बसावे, असे आम्ही म्हणत नाही. रक्त आधी काढावे, औषध लगेच सुरू करावे, आणि उत्तर आल्यावर ते बदलावे वा थांबवावे. निकामी ठरून मागे पडलेल्या क्लोरॅम्फेनिकॉलला विषमज्वराचे जंतू आपल्या देशात अनेक ठिकाणी पुन्हा दाद देऊ लागले आहेत. हेही कळले ते अशा तपासणीमुळेच, अंदाजाने नव्हे.

खेड्यातील डॉक्टरांस दोष देऊन आम्हास मोकळे व्हावयाचे नाही. ज्याच्या हाताशी प्रयोगशाळा नाही त्याने अंदाज न करावा तर काय करावे? सोलापुरास डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे. पण टेंभुर्णीहून ते ऐंशी किलोमीटरांहून दूर. रोजंदारी बुडवून तापाचा रोगी तेथे कसा जाणार? रोग्याने जाण्याचे कारणही नाही. रक्ताची बाटली जाऊ शकते. तिला बर्फही लागत नाही. सरकारी दवाखान्यात भरलेली बाटली त्याच दिवशी वाहनाने सोलापुरास पोहोचावी आणि उत्तर दूरध्वनीने डॉक्टरांस कळावे, एवढी व्यवस्था सरकार व जिल्हा परिषद यांच्या आवाक्याबाहेरची खास नाही. अशा तपासण्यांचा गोषवारा दर सहा महिन्यांनी जिल्ह्यातील सर्व डॉक्टरांस मिळावा, म्हणजे पहिल्या दिवशीचा अंदाजही डोळस होईल. निवडक प्रभावी प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंदवही दुकानदाराने ठेवावी, हा नियम २०१४ पासून आहे; ती वही उघडून पाहणारा अधिकारीही हवा.

धरणासाठी या लोकांनी जमिनी दिल्या. त्यांच्या उशाशी साठलेले पाणी सोलापूरकर पितात. पाणी जर तेथून सोलापुरास येऊ शकते, तर त्यांच्या तापाचे खरे नाव सोलापुराहून त्यांच्यापर्यंत जाऊ नये काय? हे दान नव्हे, देणे आहे.