मागणी नसलेला पुरवठा

मृग जवळ आला की आमच्या भागातील कृषी सेवा केंद्रांत कापसाच्या बियाण्यांची नवनवी पाकिटे टांगलेली दिसू लागतात. दरवर्षी नाव नवे, चित्र नवे. दुकानदाराचे आश्वासन तेवढे जुनेच. माझे वडील पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहतात आणि एकच प्रश्न विचारतात, "गेल्या साली हे कोणाच्या वावरात होतं?" उत्तर पटले नाही तर पाकीट मुकाट्याने जागेवर जाते. वाणिज्य शाखेत आल्यापासून मागणी-पुरवठ्याचे पुष्कळ आलेख मी वहीत काढले. पण बाजाराला विचारण्याजोगा याहून नेमका प्रश्न मला अजून पुस्तकात सापडलेला नाही. हाच प्रश्न मला आज एका अगदी निराळ्या व्यापाऱ्याला विचारावयाचा आहे. तो व्यापारी म्हणजे व्हिडिओ गेम काढणाऱ्या कंपन्या.

"खेळावर काय लेख लिहायचा?" असे काही गुरुजनांना वाटेल. परंतु मित्रहो, आपल्या वसतिगृहात रात्री दहानंतर एक फेरी मारून पाहा. २०१६ साली स्वस्त इंटरनेट आले आणि आदिलाबाद जिल्ह्यातील माझ्या बेला मंडलासारख्या कोपऱ्यातही हा खेळ पोहोचला. पैनगंगेच्या अलीकडची तेलुगू बोलणारी मुले आणि पलीकडची मराठी बोलणारी मुले एकाच संघातून खेळू लागली. मी मराठी माध्यमात शिकलो. पण माझे निम्मे तेलुगू बाजारात आणि निम्मे या खेळात पक्के झाले, हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही. तेव्हा हा विषय पोरखेळाचा नाही. यात वेळ आहे, पैसा आहे आणि काहींच्या बाबतीत उद्याची भाकरीही आहे.

माझी तक्रार अशी आहे. या व्यवसायातील मोठ्या कंपन्या गेली काही वर्षे जे ग्राहकाने मागितलेले नाही, तेच त्याच्या गळ्यात मारण्यासाठी धडपडत आहेत. ग्राहक "नको, नको" म्हणतो आणि कंपनी म्हणते, "तुला कळत नाही!"

उदाहरण आपल्या मुलुखाशी संबंध असलेलेच घेऊ. युबिसॉफ्ट ही फ्रान्सची नामांकित कंपनी. २००८ साली तिने पुण्यातील एक स्टुडिओ आपल्या ताब्यात घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईतही आपली शाखा उघडली. आज अनेक मराठी तरुण या धंद्याकडे नोकरी म्हणून पाहतात, त्याचे काही श्रेय अशा स्टुडिओंना दिले पाहिजे. या कंपनीने ७ डिसेंबर २०२१ रोजी 'क्वार्ट्झ' नावाची योजना जाहीर केली. खेळातील शिरस्त्राण, बंदूक यांसारख्या वस्तू 'एन.एफ.टी.' म्हणून खेळाडूला द्यावयाच्या आणि त्याने त्या पुढे विकावयाच्या, अशी ती कल्पना होती.

ज्यांना हा शब्द अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ब्लॉकचेन म्हणजे एकाच वेळी असंख्य संगणकांवर लिहिली जाणारी, मागाहून खाडाखोड करणे जवळजवळ अशक्य असलेली खातेवही. त्या वहीत अमुक वस्तू अमक्याची, अशी जी नोंद होते ती एन.एफ.टी. नोंद पक्की, यात वाद नाही. पण वस्तू कोठे असते? ती कंपनीच्या खेळात असते. खेळ बंद पडला की नोंद राहते आणि वस्तू जाते. पट्टादार पासबुक हातात असावे आणि वावर धरणाच्या पाण्याखाली जावे, तसा हा प्रकार.

या योजनेतील एक शिरस्त्राण मिळविण्यासाठी तो खेळ किमान ६०० तास खेळलेला असण्याची अट होती. हिशेब करा: रोज दोन तास खेळले तर ३०० दिवस! ही गोष्ट मी सुट्टीत घरी सांगितली तेव्हा आमच्या आबांनी विचारले, "अन् मंग ते डोक्यात घालता येते का?" येत नाही, म्हटल्यावर ते कितीतरी वेळ हसत होते.

खेळाडू मात्र हसले नाहीत, ते चिडले. जाहिरातीच्या चित्रफितीवर नापसंतीचा असा वर्षाव झाला की कंपनीने ती सार्वजनिक यादीतून काढून घेतली. जानेवारी २०२२ मध्ये योजनेच्या प्रमुखांनी मुलाखतीत सांगितले, की यातील लाभ खेळाडूंच्या लक्षात येत नाही. आणि एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे अवघ्या चार महिन्यांत, ज्या खेळासाठी या वस्तू काढल्या होत्या त्यात यापुढे नवे काही भरले जाणार नाही, असे कंपनीनेच जाहीर केले. लक्षात कोणाच्या आले नव्हते, हे वाचकांनीच ठरवावे.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गाजलेल्या जुन्या खेळाची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाली होती. ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंत तयार होत होती. लोकांना हा खेळ हवा होता. तारीख पुढे पुढे गेली. मे २०२२ मध्ये काम कॅनडातील मॉन्ट्रियल येथे हलविण्यात आले आणि जानेवारी २०२६ मध्ये तो खेळच रद्द झाला. एन.एफ.टी.मुळे तो बुडाला असे मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा नाही. मात्र जे लोक मागत होते ते मिळाले नाही, आणि जे कोणी मागत नव्हते त्याचा मात्र गाजावाजा झाला, एवढे निश्चित.

ही एकाच कंपनीची चूक असती तर लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकने आपले नाव बदलून 'मेटा' ठेवले आणि 'मेटाव्हर्स' हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. नोव्हेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या प्रमुखांनी एन.एफ.टी. हे या व्यवसायाचे भवितव्य असल्याचे सांगितले; फेब्रुवारीत तेच गृहस्थ सावध भाषा बोलू लागले. जानेवारी २०२२ च्या नववर्षसंदेशात जपानच्या स्क्वेअर एनिक्सच्या अध्यक्षांनी ब्लॉकचेनचा पुरस्कार केला. केवळ मौजेसाठी खेळणाऱ्यांचा याला आक्षेप आहे, हे त्यांनी त्याच संदेशात मान्यही केले! पुढे मे महिन्यात त्या कंपनीने 'टूम्ब रेडर'सारखा खेळ आणि तो करणारे स्टुडिओ ३० कोटी डॉलरला विकावयाचे ठरविले आणि ब्लॉकचेन, कृत्रिम बुद्धिमत्ता यांत गुंतवणूक करणे सोपे जाईल, हे त्याचे एक कारण दिले. दुभती म्हैस विकून कासवाचे दूध काढण्याचा हा उद्योग नव्हे काय?

एवढी शहाणी माणसे असे का वागतात? वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला एकच उत्तर दिसते. कंपनीला ग्राहक दोन असतात. एक खेळ विकत घेणारा आणि दुसरा कंपनीचा भाग विकत घेणारा. खेळणाऱ्याला चांगला खेळ हवा असतो. भागधारकाला दर तिमाहीत वाढ हवी असते. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या जगाने भरपूर खेळ विकत घेतले. पुढच्या वर्षीही तेवढीच वाढ दाखवावयाची तर नवा शब्द हवा. तो शब्द खेळाडूसाठी नसतोच. तो भागबाजारासाठी असतो. शिवाय सगळ्यांबरोबर चुकलेल्या व्यवस्थापकाला कोणी दोष देत नाही. एकटाच मागे राहिला तर जाब विचारतात. गावात चार जणांनी एखादे पीक पेरले की पाचवाही तेच पेरतो. फरक एवढाच की पाचवा बुडाला तर स्वतःच्या पैशाने बुडतो.

येथे मला घरची एक गोष्ट सांगावयाची आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापसाला चांगला भाव मिळाला. माझ्या चुलतभावाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या हाती थोडे पैसे खेळू लागले. खेळत खेळत कमाई होते असे सांगणाऱ्या एका गेममध्ये त्याने २२,००० रुपये घातले. पुढच्या पेरणीपर्यंत त्याचे काही शेकडे उरले. त्या वेळी मी दहावीच्या उंबरठ्यावर होतो. मला काही कळले नाही. नंतर आयकर शिकताना समजले, की १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि तिच्यातील तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही, की पुढील वर्षी ओढता येत नाही. नफा झाला तर सरकार भागीदार. तोटा झाला तर आपण एकटे. दादाने अजून काकांना खरा आकडा सांगितलेला नाही. बियाण्याचे पाकीट दहा वेळा उलटून पाहणाऱ्या घरातला हा मुलगा. पण मोबाइलवरच्या पाकिटाला तोच प्रश्न विचारावा, हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खेळाडू म्हणतात ते नेहमीच बरोबर, असे नाही. २००४ साली 'हाफ-लाइफ २' या खेळासोबत 'स्टीम' ही संगणकावरील व्यवस्था सक्तीची झाली तेव्हा लोकांनी तिला शिव्या घातल्या होत्या. आज तेच लोक तिच्यावाचून राहू शकत नाहीत. मग एन.एफ.टी.ला घातलेल्या शिव्यांचे निराळे ते काय? निराळे हे, की स्टीमने पुढे काम सोपे केले. खेळ घरबसल्या मिळू लागले, दुरुस्त्या आपोआप होऊ लागल्या, सवलती मिळाल्या. म्हणजे कसोटी पहिल्या रागाची नाही, उपयोगाची आहे. याउलट मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स वन' हे यंत्र दाखविले. त्याला दर २४ तासांतून एकदा इंटरनेट लागणार होते. ज्या गावात वादळाने तार तुटली की दोन दिवस वीज नसते, तेथील माणसाने त्याचे काय करावे? लोक खवळले आणि जूनमध्ये कंपनीने अट मागे घेतली. 'स्टॉकर २' या खेळाच्या युक्रेनमधील निर्मात्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केलेला एन.एफ.टी.चा बेत तर दोन दिवसांच्या आत रद्द केला. ग्राहकाच्या नकारात केवढे बळ आहे, हे यावरून दिसते.

मग हे सारे संपले म्हणावे, तर नाही. पाकीट बदलले आहे. आता त्यावर 'कृत्रिम बुद्धिमत्ता' असे छापलेले असते. आपण ज्यावर रात्री जागवतो त्या 'बी.जी.एम.आय.'ची कोरियन कंपनी क्राफ्टन हिने ऑक्टोबर २०२५ मध्ये यापुढे सर्व कामात कृत्रिम बुद्धिमत्तेला अग्रस्थान देण्याचे जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना पुढे आली. माझा खोलीमित्र विजापूरकडचा आहे. त्याची रेखाचित्रे याच अंकाच्या कन्नड विभागात आपण पाहाल. पुण्यातील एखाद्या स्टुडिओत चित्रकार व्हावे, ही त्याची इच्छा. ती बातमी वाचून तो मला म्हणाला, "खेळणाऱ्यांनी तर माणसाने काढलेली चित्रे नकोत असे कधी म्हटले नव्हते ना?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. यंत्राने कष्टाचे, कंटाळ्याचे काम करावे, याला माझा विरोध नाही. कापूस वेचणाऱ्या हातांना तसे यंत्र मिळाले तर मी पहिला आनंदेन. पण येथे ज्या कामात माणसाला आनंद आहे आणि ग्राहकाला समाधान आहे, नेमके तेच आधी काढून घेतले जात आहे.

दुसरा मार्ग नाही असे मात्र कोणी म्हणू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी' नावाचा खेळ केला. भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, आपल्या पुराणांतील देवदानव, पहाडी चित्रकलेची छाया असलेली चित्रे. २०१७ सालची त्यांची लोकवर्गणीची मोहीम अपुरी पडली, तरी त्यांनी काम सोडले नाही आणि २०२० मध्ये खेळ पुरा करून जगापुढे ठेवला. त्यात ना टोकन होते, ना मेटाव्हर्स. पाश्चात्त्य समीक्षकांनीही त्याची दखल घेतली. मोठ्यांच्या तिजोरीत नसलेली एक गोष्ट या छोट्यांपाशी होती. आपण कोणासाठी काय करीत आहोत, हे त्यांना ठाऊक होते.

वाचक मित्रहो, आपण आदिलाबाद-विजापूरकडची मुले; आपले खिसे लहान आहेत, पण आपली संख्या लहान नाही. कंपनी आपल्याला केवळ आकडा समजते, तर त्या आकड्याने 'नाही' म्हणायला शिकले पाहिजे. आवडले त्याला पैसे द्या, आवडले नाही तर स्पष्ट सांगा आणि नवा शब्द ऐकला की थोडे थांबा.

परवा सुट्टीत दादाने मला मोबाइल दाखविला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने खेळून कमाई करा, असा कोणाचा तरी निरोप होता. "बघ बरं, तू कॉमर्सवाला आहेस," तो म्हणाला. मी वडिलांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, "दादा, गेल्या साली हे कोणाच्या वावरात होतं?" तो थोडा वेळ गप्प बसला, मग त्याने तो निरोप पुसून टाकला.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)