आधी हज, मग व्हेनिस

आमचं घर मिहानच्या कडेला, खापरी मेट्रो स्टेशनपासून फार लांब नाही. गच्चीवर उभं राहिलं की विमानं उतरताना, उडताना दिसतात. ज्यांच्या जमिनी या मिहानमध्ये गेल्या त्यांच्यातली काही मुलं माझ्या वर्गात बसतात. त्यांना विमानांच्या वेळा पाठ आहेत, आत बसलेली मात्र फार थोडी. आमच्या घरातही विमानतळाचा संबंध दोनच कारणांनी आला: कुणी हजला निघालं, किंवा कुणी आखाती देशात नोकरीला. पोहोचवायला जायचं, डोळे पुसायचे, परत यायचं.

गेल्या महिन्यात जेवताना लेकीने मोबाइल पुढे केला. ती अकरावीत आहे. पडद्यावर व्हेनिस होतं. रस्त्यांच्या जागी कालवे, बसच्या जागी बोटी. "मम्मी, बीसीचे पैसे आलेत ना? बारावी झाल्यावर इथे जाऊया." आमच्या यांनी हो-नाही काहीच म्हटलं नाही, म्हणजे त्यांच्या मनात होतं. मी तर लगेच हिशेबाला लागले. एवढ्यात सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अम्मींनी, पोळी मोडता मोडता विचारलं, "हज का फर्ज बाकी है, और तुम लोग पानी देखने जा रहे?"

जेवण तिथेच थंड झालं.

त्या रात्री मला राग आला होता. दोन दिवसांनी तो ओसरला आणि अम्मींच्या प्रश्नाकडे नीट पाहावं असं वाटलं. हज फर्ज आहे तो ऐपत असलेल्यावर. कर्ज फिटलेलं असावं, घरच्यांच्या खर्चाची सोय झालेली असावी आणि वर जाण्यायेण्यापुरता पैसा असावा. इतकी वर्षं आम्ही म्हणत आलो की अजून ऐपत नाही. घराचे हप्ते होते, लेकीची फी होती. ते खोटं नव्हतं. पण व्हेनिसचं नाव निघताच मी ज्या वेगाने आकडे मांडले, त्यावरून माझं मलाच कळलं की आता ऐपत आहे. हजला नसलेला पैसा फिरायला कुठून आला? मी वर्गात मुलांना "सबब" आणि "कारण" यांतला फरक शिकवते. आमची सबब होती.

म्हणून ठरलं असं: बीसीचे पैसे आमच्या दोघांच्या हजला. अर्ज यंदाच भरायचा. व्हेनिस त्यानंतर, पुन्हा पैसे साठवून, बहुधा तीन वर्षांनी. लेक दोन दिवस बोलली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर हा लेख लिहिला नसता. निर्णय ऐकून शेजारच्या, नात्यातल्या लोकांनी जी शाबासकी दिली, ती मला बोचली. "बरोबर केलं, ते फिरणं-बिरणं काय आपलं काम आहे का?" एकीने तर सांगितलं, नुसतं बघायला जाणं म्हणजे इस्राफ, उधळपट्टी. इथे माझा मतभेद आहे आणि तो मी स्पष्ट मांडते.

हज आधी, हे मला मान्य. पण हज आधी म्हणजे बाकी प्रवास हराम, हा अर्थ कुठून आला? कुरआनात जमिनीवर फिरा आणि तुमच्या आधीच्यांचं काय झालं ते पाहा, असं एकदा नव्हे, अनेकदा सांगितलं आहे. इब्न बतूता १३२५ साली घरातून निघाला तो हजसाठीच. पण तो मक्केला थांबला नाही, पुढे हिंदुस्थान आणि चीनपर्यंत गेला आणि पाहिलेलं सांगून ठेवलं. आज आपल्या घरांत प्रवासाची मान्य कारणं मोजून पाहा: लग्न, मयत, दवाखाना, दर्गा, नोकरी. दहा लाखांचं लग्न करणाऱ्याला कुणी इस्राफ म्हणत नाही, दोन दिवसांच्या मंडपावर लाखाची फुलं लागतात तेव्हाही नाही. मुलीला जग दाखवायचं म्हटलं की मात्र हा शब्द सगळ्यांना आठवतो.

बायकांच्या बाबतीत तर आणखीच. जणू मुस्लिम बाईने युरोप पाहणं ही आजकालची फॅशन आहे. आपल्याच महाराष्ट्रातल्या जंजिरा संस्थानच्या नाझली बेगम १९०८ साली युरोपला गेल्या आणि परत येऊन त्यांनी उर्दूत 'सैर-ए-युरोप' हे पुस्तक लिहिलं. त्यांची बहीण अतिया फैजी त्याआधी, १९०६ मध्ये, शिक्षणासाठी लंडनला गेली होती. तिनेही तिथला वृत्तांत लिहिला. त्या नवाबाच्या घरच्या होत्या, आम्ही नोकरदार, हे खरं. पण पाहायचं आणि पाहिलेलं लिहायचं, ही आपली जुनी रीत आहे. माझ्या उर्दूच्या वर्गात सफरनामा हा साहित्यप्रकार शिकवला जातो. परीक्षेत त्याची व्याख्या येते, मुलं ती पाठ करतात. सफर कुणीच करत नाही.

आता तीन वर्षं हातात आहेत, म्हणून लेकीला मी एक वही दिली. म्हटलं, तिकीट नंतर, आधी अभ्यास. आत्तापर्यंत वहीत जे आलं आहे, ते सांगते. कुणाला उपयोगी पडेल.

पहिलं पान पैशांचं. शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. बँकेचं स्टेटमेंट, रजेचं पत्र, विमा, हॉटेलचं बुकिंग, सगळं आधी लागतं. एका एजंटला फोन केला तर नाव ऐकून तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या लोकांचं जरा जास्त तपासतात." खरं-खोटं अल्लाह जाणे. मी त्याला म्हटलं, तपासू द्या, आमचे कागद पूर्ण असतील. मुख्य व्हेनिसमध्ये राहणं महाग. पुलापलीकडे जमिनीवर मेस्त्रे आहे. तिथून रेल्वेने दहा-बारा मिनिटांत माणूस व्हेनिसमध्ये उतरतो. मेस्त्रेमध्ये बांगलादेशी कामगारांची मोठी वस्ती आहे, म्हणजे हलाल जेवणाची सोय आणि वेळप्रसंगी हिंदी-उर्दू समजणारं कुणीतरी. आणि एक: २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून व्हेनिस प्रवेश शुल्क घेतं. सुरुवात ५ युरोंपासून झाली.

हे शुल्क का, हे लेकीने शोधलं आणि तिचा चेहरा उतरला. जुन्या व्हेनिसमध्ये राहणारे लोक आता पन्नास हजारांच्याही खाली आले आहेत. घरं पाहुण्यांना भाड्याने जातात, राहणारे निघून जातात. "मग आपण जाऊन त्यांना त्रासच देणार?" तिने विचारलं. प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर एवढंच की पाहुण्याचे काही अदब असतात. सकाळी येऊन, फोटो काढून, कचरा टाकून संध्याकाळी पळायचं नाही. तीन-चार दिवस राहायचं, गर्दीचा हंगाम टाळायचा, छोट्या दुकानातून घ्यायचं. मिहानमध्ये ज्यांची गावं गेली त्यांच्या शेजारी आम्ही राहतो. आपलं गाव दुसऱ्यांच्या सोयीचं होतं तेव्हा काय होतं, हे आम्हाला इटलीहून शिकायला नको.

दुसरं पान शब्दांचं, आणि भाषेची शिक्षिका म्हणून ते माझं आवडतं. व्हेनिसच्या जुन्या जहाज-कारखान्याला आर्सेनाले म्हणतात. शब्द अरबी 'दार अस्-सिनाआ'मधून आलेला, म्हणजे कारागिरीचं घर. तिथल्या टांकसाळीचं नाव झेक्का, आपला 'सिक्का'च. जकातनाक्याला दोगाना म्हणतात, तो 'दीवान'मधून. आणि आपण मराठीत ज्याला जकात म्हणतो तो शब्द कुठून आला हे सांगायला नको. मोठ्या कालव्याच्या काठी फोंदाको देई तुर्की नावाची इमारत आहे. फोंदाको म्हणजे अरबीतलं 'फुंदुक', सराई. १६२१ पासून तिथे उस्मानी व्यापारी उतरत. आता तिथे निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय आहे. अरबी लिपीत छापलेला पहिला संपूर्ण कुरआनही याच शहरात, १५३७-३८ च्या सुमारास छापला गेला. छापणारे ख्रिस्ती होते आणि छपाईत चुका पुष्कळ होत्या. त्याची एकुलती माहीत असलेली प्रत १९८७ मध्ये तिथल्याच एका मठाच्या ग्रंथालयात सापडली. चुका तपासण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. ती प्रत लांबून तरी पाहायला मिळावी, अशी फार इच्छा आहे.

तिसरं पान पाण्याचं. इथे मला वाटलं नव्हतं असं काहीतरी निघालं. चहूकडे पाणी असलेल्या व्हेनिसला प्यायला पाणी नव्हतं. कालव्यातलं खारं. म्हणून चौकाचौकात जमिनीखाली वाळू भरलेली टाकी बांधत, पावसाचं पाणी त्यातून गाळून मधल्या विहिरीत साठवत. अशा हजारो विहिरी होत्या. नळाने पाणी आलं ते १८८४ मध्ये.

हे वाचताना मला औरंगाबाद आठवलं, आताचं छत्रपती संभाजीनगर. हबशी गुलाम म्हणून आणलेल्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालच्या कालव्याने, नुसत्या उताराच्या जोरावर, शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. पुढे अठराव्या शतकात अशाच एका नहरीवर पाणचक्की फिरली. तिच्यावर दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि मुसाफिरांसाठी पीठ दळलं जाई. म्हणजे कालव्यांचं शहर आपल्याकडेही आहे, फक्त त्याचे कालवे जमिनीखाली आहेत, आणि ते बुजताना आपल्याला दिसले नाहीत. आज त्याच शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं.

आणि नागपूर? हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहने. जुम्मा तलाव त्याचा मुलगा चांद सुलतानच्या काळातला. शहराच्या मधोमध नाग नदी वाहते. वर्गात विचारलं, "नाग नदी कुणी पाहिली?" हात वर आले नाहीत. "नाग नाला?" सगळे हात वर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे त्याच 'नाल्या'ने अंबाझरीपासून खाली घराघरांत शिरून आपण नदी असल्याचं सांगितलं. माणसंही गेली. व्हेनिसमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरात पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं. पुढच्याच वर्षी त्यांनी समुद्राच्या तोंडाशी उभे राहणारे लोखंडी दरवाजे पहिल्यांदा वापरले. त्या प्रकल्पात भ्रष्टाचार झाला, वर्षानुवर्षं उशीर झाला, तरी अखेर दरवाजे उभे राहिले. आपल्याकडेही योजना आहेत. पण जिला आपण नदी म्हणतच नाही, तिच्यासाठी भांडणार कोण?

म्हणून माझं म्हणणं असं. हज फर्ज आहे, त्याचा हिशेब आधी. पण पाहण्यासाठी केलेला प्रवास ही चैन आहे असं म्हणून मुलांना घरात बसवू नका. व्हेनिस नसेल जमत तर औरंगाबाद, तेही नसेल तर नाग नदीचा काठ. फक्त जाण्याआधी वाचा, गेल्यावर नीट बघा, आल्यावर लिहा. वाचल्याशिवाय केलेला लांबचा प्रवासही वाया जातो, मग त्यावर पैसा कितीही खर्च होवो.

येत्या दिवाळीच्या सुटीत आम्ही औरंगाबादला जाणार आहोत. नहर, पाणचक्की, मग खुलदाबादला मलिक अंबरची कबर. लेकीने वहीत याला "व्हेनिस, भाग एक" असं नाव दिलं आहे. राग अजून पूर्ण गेलेला नाही, हे त्या नावावरून कळतंच.

अम्मींना विचारलं, येता का? गुडघे दुखतात म्हणाल्या. मग रात्री स्वतःच खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "वो चक्की अब भी पानी से घूमती क्या? मेरे को देखना है."

एक तिकीट वाढवलं आहे.